कॅफिनरहित कॉफी : कोणी घ्यावी, कशासाठी घ्यावी

वैद्यकीय तपासणी आटोपून घरी परतलेल्या गृहस्थाजवळ औषधांच्या चिठ्ठीबरोबरच ‘कॉफी जरा बेताने घ्या’ असा एक तोंडी हुकूमही अलीकडे बहुधा असतोच. आणि हा हुकूम नेमका कशासाठी सुटला, निद्रानाशासाठी की छातीतील धडधडीसाठी, पित्तासाठी की रक्तातील चरबीसाठी, ह्याची चौकशी करण्याचे भान ना त्या गृहस्थास राहते, ना त्याच्या कुटुंबीयांस. मग घरात खल होतो, परदेशस्थ चिरंजिवांशी दूरध्वनीवर मसलत होते, आणि पुढल्या खेपेस येताना ते कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीची एक बाटली सामानात घालून आणतात. म्हणजे कॉफीही सुटली नाही आणि डॉक्टरांचा शब्दही मोडला नाही, असे सर्वांचे समाधान होते. हे समाधान कधी रास्त असते, कधी सर्वस्वी फोल. ज्या तक्रारीचे मूळ कॅफिनात आहे, तिच्यापुरती ही कॉफी खरोखर उपयोगाची आहे. ज्या तक्रारीचे मूळ कॉफीतील इतर द्रव्यांत, किंवा कॉफीत आपण स्वहस्ते घातलेल्या पदार्थांत आहे, तिच्या बाबतीत ती साध्या कॉफीहून तसूभरही निराळी नाही. तेव्हा ती प्रकृतीस चांगली की वाईट, असा मोघम सवाल टाकण्याआधी आपली तक्रार कोणती, हे डॉक्टरांकडून नीट समजून घेणे अगत्याचे होय.

कॅफिन हे कॉफीच्या बीत निसर्गतःच असणारे द्रव्य. १८१९ साली फ्रीडलीब फर्डिनंड रुंगे ह्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती खुद्द महाकवी गटे ह्यांनी कॉफीच्या थोड्या बिया ठेवल्या आणि त्यांत काय आहे ते शोधून काढण्यास सुचविले, त्यातून ते प्रथम शुद्ध स्वरूपात हाती लागले. दिवसभराच्या व्यापाने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते आपल्या नियत स्थानी जाऊन बसले म्हणजे माणसास गुंगी येऊ लागते. कॅफिनचा रेणू घडणीने त्याच्याशी इतका मिळताजुळता असतो की तो त्या स्थानी आधीच ठाण मांडून बसतो. थकवा जेथल्या तेथे राहतो, त्याची वर्दी मात्र वरिष्ठांपर्यंत पोचत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातील निम्मे कॅफिन नाहीसे होण्यास सुमारे ५ तास लागतात. पण हा सरासरीचा हिशेब झाला. धूम्रपान करणाऱ्याचे यकृत हे काम अधिक झपाट्याने उरकते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात त्यास जवळजवळ दुप्पट अवधी लागतो, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तो १५ तासांपर्यंत लांबू शकतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे चालू असता कॅफिन नेहमीपेक्षा बराच वेळ अंगात रेंगाळते. रात्रीच्या जेवणानंतर कॉफी पिऊन घोरत पडणारा मेहुणा आणि दुपारी चारच्या अर्ध्या कपाने पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहणारी त्याची वहिनी, ह्या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

प्रमाणाचाही तपशील ध्यानी ठेवावा. अरेबिका जातीच्या बीत कॅफिन सुमारे सव्वा टक्का असते, तर रोबस्टात दोन-सव्वादोन टक्के. आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच भरणा मोठा. गाळून केलेल्या दुधाविना कॉफीच्या २४० मिलिलिटरच्या पेल्यात ठोकळमानाने ९५ मिलिग्रॅम कॅफिन धरतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली ह्या विषयाचा साद्यंत विचार करून निरोगी प्रौढांस दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत, मुभा दिली. गर्भवतीस मात्र दिवसभरात मिळून २०० मिलिग्रॅमच. ह्या मर्यादेच्या आत राहून ज्यास कोणताही त्रास होत नाही, त्याने केवळ काही तरी आरोग्यदायी केल्याच्या भावनेपोटी दुप्पट दाम मोजून कॅफिनरहित कॉफीची बाटली आणावी, ह्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.

कॅफिन काढतात कसे, आणि ते काढताना दुसरेच काही विष आत शिरत नाही ना, ही शंका बहुतेकांच्या मनात असते. आणि ह्या धंद्याचा इतिहास पाहता ती निराधारही म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेन ह्या जर्मन बंदरात लुडविग रोझेलियस नावाचा कॉफीचा व्यापारी होता. त्याचे वडील कॉफीची चव पारखण्याचे काम करीत आणि अकाली वारले. त्या मृत्यूचा दोष मुलाने अतिरिक्त कॉफीपानावर ठेवला. पुढे प्रवासात समुद्राच्या पाण्याने भिजलेला कॉफीचा माल त्याच्याकडे आला, त्यातील कॅफिन बरेच उतरले असून चव फारशी गेली नाही असे आढळले, आणि तेथून ही युक्ती सुचली, अशी हकीकत सांगतात. १९०६ साली त्याने ‘काफे हाग’ ही पेढी काढली, आणि फ्रान्सात तोच माल ‘सांका’ ह्या नावाने खपू लागला. मौज अशी की, कच्च्या बिया वाफेने फुगवून त्यांतील कॅफिन विरघळविण्यासाठी तो जे द्रावक वापरी ते बेंझीन होते. आणि बेंझीन रक्ताचा कर्करोग उत्पन्न करते हे आज निर्विवाद ठरले आहे. पित्याच्या निधनाने हळहळून निर्दोष पेय शोधावयास निघालेल्या पुत्राने अजाणता एक सौम्य द्रव्य हाकलण्यासाठी दारुण द्रव्याची नेमणूक केली होती.

बेंझीन कालांतराने बाद झाले. आज ज्या रीती चालतात, त्या सर्वांत बिया भाजण्यापूर्वीच, हिरव्या असतानाच, कॅफिन काढले जाते, आणि भांडण उरले आहे ते मुख्यतः एकाच रीतीविषयी : मिथिलीन क्लोराईड ह्या द्रावकाने कॅफिन काढण्याविषयी. हे द्रव्य जुना रंग खरवडून काढण्याच्या कामी वापरले जात असे, त्याच्या वाफा बंदिस्त जागी प्राणघातक ठरतात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ साली त्याच्या बहुतेक उपयोगांवर बंदी घातली. पण तेथील अन्नपदार्थांचा कायदा निराळा असल्याने कॉफीचा उपयोग त्या बंदीखाली आला नाही. भाजलेल्या कॉफीत ह्या द्रव्याचा अंश दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक नसावा, असा अमेरिकेतील दंडक आहे. युरोपात हीच मर्यादा २ भागांची. ह्यात घाबरण्यासारखे कितपत आहे? हे द्रव्य ४० अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळून उडून जाते, आणि कॉफी भाजताना उष्णमान २०० अंशांच्याही पुढे जाते. त्यामुळे कपात उरणारा अंश नगण्य असतो, असे नियामकांचे म्हणणे आहे, आणि ते आम्हांस पटण्याजोगे वाटते. तरीही अमेरिकेत काही संस्थांनी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करून हा वापर सर्वस्वी बंद करण्याची मागणी केली आहे, हेही वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही. ज्याच्या मनात ही किल्मिषे एकदा शिरली त्याला कॉफी गोड लागणार नाही. अशा माणसाने विनाद्रावक तयार झालेलाच माल घ्यावा हे उत्तम.

तसा माल दोन प्रकारांनी होतो. पहिल्यात केवळ पाणी आणि कोळसा कामास येतात : बिया गरम पाण्यात भिजवून त्यांतील सर्व विद्राव्य अंश उतरवून घेतात, ते पाणी कोळशातून गाळून त्यातील कॅफिन तेवढे धरून ठेवतात, आणि कॅफिनवाचून इतर सर्व अंशांनी संपृक्त झालेल्या त्याच पाण्यात पुढल्या बिया भिजवितात, म्हणजे त्यांतून स्वाद उतरण्यास वाव राहत नाही आणि कॅफिन मात्र बाहेर पडते. ही रीत मूळ स्वित्झर्लंडची, परंतु तिचा सर्वांत प्रसिद्ध कारखाना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. दुसऱ्या प्रकारात कार्बन डाय-ऑक्साइड वायू प्रचंड दाबाखाली अशा अवस्थेत नेतात की तो धड वायू नसतो, धड द्रव नसतो, आणि नेमके कॅफिन तेवढे शोषून घेतो. ही किमया म्युल्हाइम येथील माक्स प्लांक संस्थेतील कुर्ट त्सोझेल ह्यांची, १९६७ सालची. ह्यांखेरीज इथिल ॲसिटेट वापरण्याची एक रीत आहे. ते फळांत आढळते आणि उसाच्या मळीपासूनही काढता येते, म्हणून असा माल पुष्कळदा ‘नैसर्गिक’ म्हणून मिरविला जातो. त्या बिरुदाने हुरळून जाऊ नये, पण त्याचे भय बाळगण्याचेही कारण नाही. डब्यावर रीतीचा उल्लेखच नसेल तर माल द्रावकाने तयार झाला असावा असे धरून चालावे, आणि मग घ्यावयाचा की नाही ते ठरवावे.

इतके सायास करूनही कॅफिन निखालस जात नाही. सुमारे ९७ टक्के निघून जाते, आणि एका पेल्यात २ ते ७ मिलिग्रॅम उरते. २००६ साली फ्लोरिडातील संशोधकांनी निरनिराळ्या दुकानांतील कॅफिनरहित कॉफी तपासली, तेव्हा सुमारे अर्ध्या लिटरच्या पेल्यात शून्यापासून १३.९ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन आढळले. बहुतेकांस ह्याची फिकीर करण्याचे कारण नाही. परंतु ज्यांस कॅफिनचा लेशही सोसत नाही, त्यांनी ‘ह्यात काहीच नाही’ अशा समजुतीने दिवसभर पेल्यांवर पेले रिचवू नयेत.

आता तक्रारींकडे वळू. निद्रानाश ही पहिली, आणि तिच्या बाबतीत कॅफिनरहित कॉफीचा उपयोग निःसंशय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, निजण्यापूर्वी तब्बल ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप एका तासाहून अधिक घटली, आणि विशेष म्हणजे झोपणाऱ्यांस स्वतःला ही घट नीटशी उमगलीच नाही. तेव्हा ‘मला कॉफीने काही होत नाही’ ही साक्ष स्वतःच्या बाबतीत फारशी ग्राह्य धरू नये. संध्याकाळच्या गप्पांना कॉफीची जोड ज्यांस हवीच, त्यांनी दुपारी दोननंतरची कॉफी कॅफिनरहित करावी. सकाळची तशीच ठेवली तरी चालेल. गर्भवतीच्या बाबतीतही, वर सांगितलेली मर्यादा पाळण्यास ही कॉफी सोयीची आहे. छातीतील धडधडीचा मामला मात्र इतका सरळ नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० निरोगी माणसांस दोन आठवडे कधी कॉफी घेण्यास, कधी टाळण्यास सांगून त्यांच्या हृदयाची अहोरात्र नोंद ठेवली. तीत हृदयाच्या वरच्या कप्प्यातून उठणारे जादा ठोके कॉफीने वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातून उठणारे मात्र वाढले, आणि कॉफीच्या दिवशी झोप सुमारे ३६ मिनिटांनी कमी झाली. आपली धडधड कोणत्या जातीची, हे विद्युत्-आलेखावाचून कळत नाही. म्हणून येथे बाटली बदलण्याआधी तपासणी करून घ्यावी.

हे सर्व करताना महाराष्ट्रातल्या वाचकाने एका गोष्टीचा विसर पडू देऊ नये, ती म्हणजे चहा. आपल्याकडे कॉफी पुष्कळ घरांत पाहुण्यांसाठी, उपासासाठी किंवा थंडीच्या रात्रीसाठी राखलेली असते, आणि रोजचा रतीब चहाचा असतो. चांगल्या उकळलेल्या चहाच्या एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन सहज असते. कचेरीत चारदा ‘कटिंग’, घरी उठल्यावर एक, परतल्यावर एक, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याने रात्रीची जायफळ घातलेली कॉफी कॅफिनरहित करून फार मोठा संयम साधला असे समजणे, म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून थेंबभर ओल पुसत बसणे होय. शीतपेयांतील कोला, काही डोकेदुखीच्या गोळ्या आणि काळे चॉकलेट ह्यांचाही जमाखर्च ह्याच खात्यात मांडावा लागतो. डोकेदुखीच्या गोळीचे वेष्टन एकदा वाचून पाहावे. पुष्कळदा त्यावर कॅफिनची नोंद आढळते.

पित्ताच्या तक्रारीत ह्या कॉफीविषयी जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कशातही नाही. कॅफिन काढले म्हणजे आम्ल वाढणार नाही, असे गृहीत धरून लोक उपाशीपोटी निर्धास्त पेला उचलतात. वस्तुस्थिती अशी की, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅफिनरहित कॉफीने जठरातील आम्लस्राव साध्या कॉफीइतकाच वाढविला, आणि निव्वळ कॅफिनने जितका वाढला त्याहून दोन्हींचा परिणाम अधिक होता; म्हणजे आम्ल उत्तेजित करणारी द्रव्ये कॅफिनाखेरीज कॉफीत पुष्कळ आहेत. अन्ननलिकेत आम्ल उलटून छातीत जळजळ होण्याच्या बाबतीत मात्र कॅफिनरहित कॉफी काहींस थोडी सौम्य पडते, असे दिसून आले आहे. मार्ग असा : पित्तप्रकृतीच्या माणसाने दोन आठवडे कॉफी-चहा दोन्ही बंद ठेवावेत; त्या अवधीत त्रास न निवळला, तर कॉफीवर संशय घेण्यात अर्थ नाही, आणि कारण अन्यत्र शोधावे. निवळला, तर न्याहारीनंतर कॅफिनरहित कॉफीचा एक कप घेऊन पाहावा, आणि तो सोसला तरच पुढे चालू ठेवावा. सकाळी कॉफी घेतल्यावाचून पोट साफ होत नाही, अशी ज्यांची सवय आहे त्यांस एक दिलासा आहे : आतड्यांस चालना देण्याचे कॉफीचे काम कॅफिन काढल्यावरही बरेचसे टिकते.

रक्तक्षयाची गोष्ट ह्याहून अधिक गंभीर, आणि आपल्याकडे अधिक निकडीची. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे आढळले. कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लादी द्रव्ये अन्नातील लोह बांधून ठेवतात आणि ते शरीरात शिरू देत नाहीत. ही द्रव्ये कॅफिनबरोबर निघून जात नाहीत. १९८३ सालच्या एका अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या एका कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, आणि चहाने तर ६४ टक्क्यांनी. त्या अभ्यासातील खरी उपयुक्त गोष्ट पुढेच आहे : जेवणाआधी एक तास घेतलेल्या कॉफीने काहीच बिघडले नाही, परंतु जेवणानंतर एका तासाने घेतलेल्या कॉफीने जेवणाबरोबर घेतल्याइतकेच नुकसान केले. म्हणजे जेवण होऊन थोडा वेळ गेला, आता हरकत नाही, हा आपला शिरस्ता ह्या बाबतीत उपयोगी पडत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या गरोदर स्त्रीने कॅफिनरहित कॉफीने बाळ सुरक्षित झाले असे मानून गोळी त्याच कॉफीबरोबर घेतली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि तिच्या मागेपुढे दोन तास कॉफी-चहास मनाई असावी. थायरॉईडची गोळी सकाळी घेणाऱ्यांसही हेच बजावून सांगणे आहे : गोळी पाण्याबरोबर घ्यावी, आणि कोणतीही कॉफी त्यानंतर निदान अर्ध्या-पाऊण तासाने.

कोलेस्टेरॉल वाढले म्हणून कॉफी बदलणाऱ्यांनी कॅफिनचा विचारच सोडून द्यावा. तेथे दोष आहे तो कॉफीच्या तेलात असणाऱ्या कॅफेस्टॉल नावाच्या द्रव्याचा, आणि ते कपात किती उतरते हे कॉफी कशी करतो ह्यावर अवलंबून असते. पूड उकळून वरचे तसेच ओतले तर ते सर्वांत अधिक उतरते. कागदी गाळणीतून गाळले तर जवळजवळ सर्व कागदातच अडकते. बाटलीतल्या झटपट कॉफीत ते अत्यल्प असते. दाक्षिणात्य पद्धतीच्या पितळी वा पोलादी फिल्टरच्या छिद्रांतून मात्र बऱ्यापैकी निसटून जाते. कॅफिन ठेवून कागदी गाळणी वापरणारा माणूस ह्या बाबतीत कॅफिन काढलेली पूड उकळून पिणाऱ्यापेक्षा सुरक्षित होय.

आणि आता साखर. मराठी घरातील कॉफी ही बव्हंशी दुधाचीच असते, पूड नावापुरती; वेलदोडा, जायफळ, आणि दोन चमचे साखर, तिसरा चमचा पाहुण्यांच्या मानाचा. अशा कपात कॅफिन मुळात इतके थोडे असते की ते काढण्याने विशेष काही साधत नाही. साखर मात्र दहा-पंधरा ग्रॅम असते. वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या उष्मांकाच्या दशमांशाहून कमी असावे, आणि शक्य तर त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर, आणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. दोन-तीन कपांत ती मर्यादा ओलांडली जाते, आणि मिठाई-लाडवांचा हिशेब तर अजून मांडावयाचाच असतो. मधुमेही गृहस्थास घरच्यांनी मोठ्या काळजीने कॅफिनरहित कॉफी द्यावी आणि ‘एकच चमचा घातला हो’ असे म्हणत त्यात साखर ढवळावी, हे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. ह्या काळजीची दिशा चुकली आहे. साखर एकदम सोडणे जड जाते. दर आठवड्यास अर्धा चमचा कमी केला, तर जिभेस फारसा पत्ता लागत नाही.

मधुमेहाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो : रोज काही कप कॉफी घेणाऱ्यांस पुढे प्रौढवयीन मधुमेह होण्याचे प्रमाण कमी आढळते, आणि कॅफिनरहित कॉफी पिणाऱ्यांतही ते तसेच कमी आढळते, असे अनेक मोठ्या पाहण्यांतून निष्पन्न झाले आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे चार लाख अमेरिकनांच्या पाहणीत तर एकूण मृत्यूंचे प्रमाणही दोन्ही प्रकारच्या कॉफीपानाशी उलट्या नात्याने निगडित दिसले. कॉफीची पुण्याई असेल तर ती निव्वळ कॅफिनची नसावी, असे ह्यावरून म्हणता येते. पण ह्या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. कॉफी पिणारा आणि न पिणारा ह्यांच्या राहणीत, पैशात, आणि मूळच्या प्रकृतीत इतर शंभर भेद असू शकतात. आजवर कॉफी न प्यालेल्या माणसाने ह्या आकड्यांच्या भरवशावर औषध म्हणून तिला घरात आणू नये. कॉफीने कर्करोग होतो ही जुनी धास्तीही आता ठेवण्याचे कारण उरले नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली कॉफीस संशयितांच्या यादीतून वगळले, मात्र ६५ अंशांहून अधिक गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेस धोक्याचे, असे त्याच वेळी नमूद केले. कप ओठांस चटका देत असेल तर मिनिटभर थांबावे.

ज्यांनी विचारान्ती कॅफिन सोडण्याचे ठरविले आहे, त्यांनी ते एका रात्रीत सोडू नये. नित्याची मात्रा बंद झाली म्हणजे १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवशी त्याचा कळस होतो, चिडचिड आणि सुस्ती येते, आणि हा उपद्रव २ ते ९ दिवस टिकू शकतो. पुष्कळ लोक ह्यालाच कॅफिनरहित कॉफीचा दोष समजून तिला नावे ठेवतात. नेहमीच्या पुडीत पहिल्या आठवड्यास एक चतुर्थांश, दुसऱ्यास निम्मी, तिसऱ्यास तीन चतुर्थांश, अशी कॅफिनरहित पूड मिसळत गेले की हा त्रास सहसा होत नाही. सिडनी विद्यापीठातील एका प्रयोगात तर असे आढळले की, आपण पितो ते कॅफिनरहित आहे हे ठाऊक असूनही, त्या कपाने कॅफिन सुटल्याचे क्लेश काहीसे निवळतात. वास, ऊब आणि सवय ह्यांचाही माणसावर काही अंमल असतोच.

खरेदीच्या बाबतीत एक सूचना. आपल्या बाजारात हा माल थोडा, महाग आणि पुष्कळदा दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला असतो. तयारीच्या तारखेकडे आवर्जून पाहावे, कारण एकदा ह्या प्रक्रियेतून गेलेल्या बियांचा स्वाद भाजल्यानंतर लवकर उतरतो. लहान डबा घ्यावा आणि उघडल्यावर महिन्याभरात संपवावा. इतका खटाटोप नको असेल, तर चिकोरीचा मार्ग मोकळा आहे. चिकोरीच्या मुळात कॅफिन मुळीच नसते; आणि दक्षिणेत कॉफीत ती मिसळण्याचा प्रघात इतका रूढ आहे की, चिकोरीचे प्रमाण अधिक असलेली पूड घेतली म्हणजे दर कपामागे कॅफिन आपसूक उतरते, आणि चवही ओळखीचीच राहते. निव्वळ चिकोरीचा काढा दुधात घालून पिणारेही आहेत. त्याने काहींच्या पोटात वायू धरतो, एवढे ध्यानात असावे.

शेवटी, हृदयाच्या तपासणीस निघालेल्यांसाठी. ॲडेनोसिन किंवा त्याच्या जातीचे औषध टोचून हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे चित्र घेण्याची जी चाचणी आहे, तिच्यापूर्वी १२ ते २४ तास कॅफिन वर्ज्य करण्यास सांगतात. कारण ज्या स्थानी औषधाने जाऊन बसावयाचे ते स्थान कॅफिनने अडविलेले असले, तर चाचणीचा निकाल चुकीचा येतो. त्या मनाईत चहा, कोला, चॉकलेट आणि कॅफिनयुक्त गोळ्या ह्यांजबरोबर कॅफिनरहित कॉफीही मोडते. आदल्या संध्याकाळी ‘ही तर आपली कॅफिनरहितच’ म्हणून कप घेतला असेल, तर चाचणीच्या टेबलावर आडवे होण्यापूर्वी तसे तंत्रज्ञास सांगावे. दिवस पुढे ढकलावा लागला तरी बेहत्तर.